कुलूप काढा

हुडकेश्वर, नागपूर
२ मार्च २०२५

ती. आत्याबाईस,
मेघाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पायलचे दहावीचे पेपर सुरू झाले. मराठीचा चांगला गेला म्हणते, पण तिचं ‘चांगला’ तुला माहीतच आहे. माझं गांधीबागेतल्या साड्यांच्या दुकानात बिलं करणं चालूच आहे. लग्नसराईमुळे डबा उभ्यानंच खावा लागतो. कानाचं यंत्र तू पुन्हा कपाटात टाकलंस असं कळलं. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हा कागद.

एक गोष्ट सांगावी की नाही, याच विचारात होते. आमच्या घरमालकांनी, अनंतरावांनी, खालच्या मजल्याचं पाणी बंद केलं. टाकीचा कॉक गच्चीवर आणि गच्चीच्या दाराला आता कुलूप. वर जाऊन विचारलं तर खुर्ची दिली, चहाचं विचारलं आणि हसून म्हणाले, अहो, मोटर बिघडली आहे. तेव्हा आत त्यांच्या नळाला चांगली धार होती आणि त्यांच्या पत्नी यमुताई भांडी विसळत होत्या. दुसऱ्या दिवशी म्हणाले, आमच्या मुलाला, केयूरला, खाली क्लासेस काढायचे आहेत, तुम्ही जागा मोकळी करा. मी म्हटलं, पोरीचे पेपर चालू आहेत. तर म्हणाले, तुमच्याकडे करारनामा आहे का? असेल तर दाखवा.

आत्याबाई, आम्ही राहायला आलो तेव्हा करारनाम्याचं मीच काढलं होतं. तेव्हा हेच गृहस्थ म्हणाले होते, आपल्यात कागद कशाला, तुम्ही घरच्यासारख्या. भाड्याची पावती मागितली तरी हेच उत्तर. स्वतः कागद केला नाही आणि आता तोच नसलेला कागद माझ्या तोंडावर मारतात! असा संताप येतो की काय सांगू. पण पायल समोर बसलेली असते, मग गिळून टाकते आणि बादल्या घेऊन शेजारच्या बोअरवेलवर जाते.

पेपर होईपर्यंत तुझ्याकडे कोराडीला येऊन राहावं का? परीक्षा केंद्र लांब पडेल, पण पाणी तरी मिळेल. काय ते कळव.

संघपालदादाला पत्र लिहिशील तेव्हा माझा जयभीम कळव. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मेघा

*

कोराडी
५ मार्च २०२५

चि. मेघास,
जयभीम व अ. उ. आ.

तुह्यं पत्र वाचलं अन् डोकं भणाणलं. यंत्राचं म्हणशील त त्यात कोयशाच्या ट्रकचा आवाज येते, माणसाचा येत नाही. मंग कशाले घालू?

इकडं राहाले याचं नाव काढू नको. पेपर झाल्यावर ये, खीर करून घालीन, पण घराची चाबी कमरेले लावून ये. आता तू सामान घेऊन निघाली का तो गावभर सांगन, बाई आपल्या मर्जीनं गेली. संक्रांतीले मांज्यासाठी माह्या संघपालच्या मनगटाले चावणारी पोरगी तू, अन् एका म्हाताऱ्याच्या गोड बोलण्याले भेली?

आमच्या बाजूची सोनिका आता नागपूरच्या कोर्टात वकिली करते. तिले तुह्यं पत्र दाखवलं. माह्यासाठी तिनं पेपरच्या कोऱ्या कडेवर लिहून लिहून समजावलं. ती म्हणते का भाड्याचा करार लेखी करून नोंदवाची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर टाकली हाय. कागद नाही, ही चूक त्याची, तुही नाही. भाडं घेतलं त पावती देणंही त्याच्यावरच. तो भाडं घेत आला, तू राहत आली, म्हणजे तू भाडेकरू. पाणी-लाईट तोडाचा त्याले अधिकार नाही. अन् कोर्टाच्या हुकुमाबिगर तुले घराबाहेर काढाचा अधिकार कोणाच्याच बापाले नाही. हे शेवटचं सोनिकानं जरा सभ्य लिहिलं होतं, मी माह्या भाषेत लिहून राहिली. बायकांले सरकारकडून फुकटात वकील भेटते, पण तुले त्याची गरज नाही, सोनिका हाय. भाडं मात्र चुकवू नको. बँकेतून देत असशील त तसंच दे, हातात देऊ नको.

आता एक विचारते. तुह्या पत्रात पायल हाय, मालक हाय, मोटर हाय. अश्विन कुठंच नाही. दिवाळीच्या पत्रातही नव्हता. जावई घरात असता त वर भांडाले तू एकटी काहून गेली वं?

उत्तर लवकर लिही. आत्याले ऐकू येत नाही, पण वाचता चांगलं येते.

तुही,
प्रेमिलाआत्या

*

कोराडी
१२ मार्च २०२५

चि. संघपालास,
जयभीम व अ. उ. आ.

तू चंद्रपुरात बसून मले फोन करते अन् मी नुसती हां हां करते. म्हणून हे लिहून राहिली. नीट वाच.

परवा मेघा पायलले केंद्रावर सोडाले गेली. परत आली त दाराले नवं कुलूप! मालकानं दुसऱ्या चाबीनं घर उघडून गॅस, भांडी, गाद्या वऱ्हांड्यात काढल्या होत्या. पोरीची पुस्तकं आतच. एका दिवसाआड विज्ञानाचा दुसरा पेपर, अन् पुस्तक कुलपात! असा माणूस पाह्यला का गा तू कुठं? मेघानं सोनिकाले फोन लावला. सोनिकानं मले गाडीवर मांगं बसवलं अन् हुडकेश्वर गाठलं.

मेघा वऱ्हांड्यात गाद्यांवर बसून होती. मले पाहून रडली. अश्विनचं तवा सांगतलं. दसऱ्यापासून तो पुण्याले, दुसऱ्या बाईसंगं राहते. घरी पैसा नाही, फोन नाही. तवापासून भाडं हीच भरून राहिली, अन् आपल्याले कोणाले बोलली नाही.

सोनिका मेघाले घेऊन ठाण्यात गेली. मी पायरीवर बसली. म्हटलं, आता उठाचं नाही. अनंतराव वरून उतरले. पांढरा झब्बा, हात जोडलेले. माह्यासमोर उभे राहून बोलाले लागले. चांगलं लांब बोलले, हसले, छातीवर हात ठेवला, आभायाकडं बोट दाखवलं. मले त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. त्यायचं झालं तवा म्हटलं, कुलूप काढा. ते पुन्हा सुरू झाले. मी पुन्हा म्हटलं, कुलूप काढा. मंग कानापाशी वाकून बोलले. मी म्हटलं, मी बहिरी हाय साहेब, तुमचं बोलणं वाया चाललं, कुलूप काढा. गल्लीतल्या बाया जमल्या. एक हसली, मंग सगळ्या हसल्या. माणसाचं तोंड पाह्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात मेघा, सोनिका अन् हवालदार आले. अनंतराव आता मेघाकडं तोंड करून काहीतरी बोलले. तिचा चेहरा एकदम उतरला, पण जागची हलली नाही. हवालदार अगुदर ठाण्यात म्हणे, हा दिवाणी मामला हाय, कागद दाखवा. सोनिकानं त्याले विचारलं म्हणे, कोर्टाच्या हुकुमाबिगर राहत्या बाईचं घर उघडून सामान फेकणं कोणता दिवाणी मामला? मंग तक्रार लिहून घेतली. इथं येऊन त्यानं मालकाले हुकूम मागतला. हुकूम कुठचा असन! हेच कागद मागणारे, अन् ह्यायच्याजवळच कागद नाही.

चाबी यमुताईनं आणून देल्ली. नवऱ्याकडं पाह्यलं नाही. मेघाच्या हातात ठेवली अन् वर निघून गेली.

तब्येत सांभाळ. मायची आठवण ठेव.

तुही,
आई

*

हुडकेश्वर, नागपूर
२३ मार्च २०२५

ती. आत्याबाईस,
मेघाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कोर्टाचा मनाई हुकूम मिळाला. निकाल लागेपर्यंत मला घरातून काढायचं नाही आणि पाणी तोडायचं नाही. नळ चालू आहे. अनंतरावांना घर परत हवं असेल तर ते कोर्टात मागतील, तो त्यांचा हक्क आहे. मी तिथे उत्तर देईन. उद्या जायची वेळ आलीच तर दिवसाउजेडी, माझ्या पायांनी, माझं सामान मोजून घेऊन जाईन.

त्या दिवशी अनंतराव मला काय बोलले, ते तू घरी जाताना विचारलंस आणि मी म्हटलं, काही नाही. ते खरं नव्हतं. ते म्हणाले, घर मी तुम्हाला नाही, तुमच्या यजमानांना दिलं होतं, आणि त्यांनीच फोन करून कळवलं की आता माझं तिथं काही नाही, जागा ताब्यात घ्या, बाई माहेरी जाईल.

आत्याबाई, कुलपाचा मला राग आला होता. ह्याचा राग यायलाही दोन दिवस लागले. पोटची पोर परीक्षेला बसलेली, आणि बापानं तिच्या डोक्यावरचं छप्पर परक्या माणसाला फोनवर देऊन टाकलं!

कोर्टातही त्यांच्या वकिलानं तेच काढलं, घर नवऱ्याला दिलं होतं. सोनिकानं सांगितलं, दसऱ्यापासून भाडं ह्या बाईच्या खात्यातून गेलं आणि यांनी ते घेतलं. जजसाहेबांनी मलाच विचारलं, तिथे राहतं कोण? मी म्हटलं, मी राहते, माझी मुलगी राहते. आवाज कापला नाही, सोनिकाला विचार.

काल अश्विनचा फोन आला. पायलचे पेपर कसे गेले, हे नाही विचारलं. माझं नाव कोर्टात कशाला घेतलं, म्हणून ओरडायला लागला. मी म्हटलं, तुमचं इथं काही नाही, हे तुम्हीच सांगितलं, आणि ते अगदी खरं आहे. मग फोन ठेवला. पायल दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जवळ आली आणि म्हणाली, आई, बेलच्या पाटीवर बाबांचं नाव आहे, ते काढू का? मी म्हटलं, काढ. तिनं स्टूल घेतलं, नखानं खरवडून काढलं आणि तिथे आम्हा दोघींची नावं लिहिली. तुझं अगोदर, म्हणाली.

आमच्यावर अशीच नजर असू दे.

तुझी,
मेघा