ताईच्या टँकला फुटलेली दाढी

तीर्थस्वरूप ताईस,

कात्री खाली ठेवून, हात धुऊन, मगच नमस्कार करतो. (हात धुतले हे मुद्दाम लिहिलं, कारण लहानपणापासून तुझा पहिला प्रश्न तोच असतो.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला गेला, की अजून तुमच्याकडेच मुक्कामाला आहे? इकडे सगळं ठीक. हिची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. आप्पा सलूनच्या दाराजवळच्या खुर्चीत. त्यांच्याबद्दल पुढे लिहितोच. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

तुझ्या घराची फरशी बसवून झाली आणि येत्या रविवारी तू टेम्पो घेऊन टँक परत न्यायला येतेस, हे वाचून आनंद झाला. खरंच झाला. टँक तुझा, मासे तुझे, झाडं तुझी, मी आपला सहा महिन्यांचा राखणदार. "सलूनमध्ये माणसांना बसायला जागा नाही, तिथं मासे कुठं ठेवू?" असं मीच तेव्हा तुला म्हणालो होतो, त्यामुळे आता कुरकुर करायला मला तोंड नाही. फक्त तू येण्याआधी टँकच्या दिव्याचा इतिहास तुला कळलेला बरा. कारण तू आल्या आल्या वर बघशील, आणि तुझा दिवा तिथे नसेल.

तुझा दिवा पहिल्याच दिवशी गेला. टेम्पोत टँक मागे, मासे बादलीत, आणि दिवा चादरीत गुंडाळून पुढच्या सीटवर. मी आणि आप्पा पुढे बसलो, आणि घाईत मी नेमका चादरीवर बसलो. कडकन आवाज झाला. मला वाटलं, रस्त्यातला खड्डा. मी तुला "सगळं सुखरूप पोचलं" असं कळवलं, ते मासे आणि झाडं यांच्यापुरतं शंभर टक्के खरं होतं.

म्हटलं, दिव्याचं एवढं काय! बावीस वर्षं आरशासमोर उभा आहे, दिवा मला कळतो. गिऱ्हाईक आरशात तरुण दिसलं की दिवा चांगला, हा आमच्या धंद्यातला नियम. आरशावरचा एक जादा पिवळा बल्ब टँकवर लावला. मासे सोन्याचे दिसायला लागले आणि मी खूश. झाडं मात्र महिन्याभरात काठ्यांसारखी लांब झाली, खालची पानं गळाली, तळाला टक्कल आणि शेंड्यावर झुलपं. मी झुलपं जरा कमी केली, तर उरल्या नुसत्या काठ्या. तेव्हा कुठे डोक्यात (माझ्या) प्रकाश पडला आणि मी माशांच्या दुकानात गेलो.

तो दुकानदार आकड्यांत बोलतो. "किती लुमेन हवेत? केल्विन किती?" मी म्हटलं, "दोन्ही पाव-पाव किलो द्या." तो हसला नाही. त्याने तीन दिवे लावून दाखवले. मी खिशातला हातआरसा काढला आणि एकेका दिव्याखाली स्वतःचं तोंड पाहिलं. (तू हसशील, पण मी दुसरं काय बघणार?) जांभळट गुलाबी दिव्यात माझे डोळ्यांखालचे काळे डाग साफ गेले. म्हटलं, हाच द्या. दुकानदाराने कपाळाला हात लावला. म्हणाला, "अहो, झाड काय खाणार ते बघा, तुमचं थोबाड काय बघता!" पण मी निश्चयाचा माणूस. घेतला.

ताई, आठ दिवस आमचं सलून एखाद्या जादूगाराच्या तंबूसारखं दिसत होतं. मासे लालभडक, झाडंही जरा तरारली, रस्त्यावरचे लोक थांबून आत डोकवायचे. नेमके तेव्हाच मुख्याध्यापक केस काळे करायला आले. त्या उजेडात रंगाच्या सगळ्या डब्या सारख्याच काळ्या दिसत होत्या. मी लावला तो रंगही आरशात काळाकुळकुळीत दिसला, सर खूश होऊन गेले. सोमवारी प्रार्थनेला उन्हात उभे राहिले तेव्हा अख्ख्या शाळेला कळलं की त्यांचं डोकं ताज्या वांग्याच्या रंगाचं आहे. संध्याकाळी ते सलूनच्या दारात आले तेव्हा मी टॉवेलांच्या ढिगामागे होतो. ते म्हणाले, "बाहेर या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मधल्या सुट्टीत मुलं आपणहून माझ्याजवळ आली." तरी रंग काळा करून घेतलाच, पण बाहेर फुटपाथवर खुर्ची टाकून. जांभळा दिवा त्याच दिवशी उतरवला.

मग आणला पांढरा. साधासुधा नव्हे, दुकानातला सगळ्यात मोठा. लावला तेव्हा समोरच्या शिंप्याने येऊन विचारलं, इथे सामना आहे का. सकाळी सलून उघडल्यापासून रात्री कुलूप लावेपर्यंत बारा-तेरा तास मी तो चालू ठेवला. झाडाला उजेड हवा ना, मग घे की पोटभर! चौथ्या दिवशी पानापानावर मोत्यासारखे बुडबुडे आले आणि मी अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक फेसासकट उठवून टँकपाशी नेलं. दहाव्या दिवशी टँकला दाढी आली. थट्टा नाही, खरीच. प्रत्येक पानाच्या कडेला हिरवे केस, दगडांना कल्ले, पंपाला मिशी. शेवाळ असं उगवतं हे मला माहीत नव्हतं. पण दाढी म्हटल्यावर मी म्हटलं, ये, आता तू माझ्या हद्दीत आलीस! चिमटा घेतला, ब्रश घेतला, लहान कात्री घेतली आणि एकेक पान साफ केलं. सकाळी करावी तर संध्याकाळी पुन्हा खुंट. इतकी चिवट दाढी मी बावीस वर्षांत पाहिलेली नाही. गिऱ्हाइकं सल्ले द्यायला लागली, ही म्हणाली माशांना वस्तरा लागेल, आणि मी अगदी रडकुंडीला आलो, कारण पत्रात तू झाडांची नावानिशी चौकशी करत होतीस आणि मी "सगळ्यांना बहर आहे" असं लिहीत होतो.

आता आप्पांचं. तुला ठाऊकच आहे, दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हा कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच आपला वस्तरा पुसला, खणात ठेवला आणि खण लावून टाकला. तेव्हापासून ते त्या खुर्चीत बसतात आणि "हं" एवढंच म्हणतात. भूक लागली का, तर हं. झोप झाली का, तर हं. तर त्या दुपारी मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून बसलो होतो. आप्पा उठले. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी बांधतो ते मोठं काळं कापड त्यांनी खुंटीवरून काढलं, टँकवर पांघरलं, चारी बाजूंनी नीट ओढलं आणि मागे गाठ मारली. दिव्याचं बटण बंद केलं. आणि म्हणाले, "उघड्या डोळ्यांनी किती वेळ बसवून ठेवशील त्याला? निजू दे."

ताई, नऊच शब्द, पण दोन वर्षांतलं सगळ्यात लांब भाषण! मी हिला हाक मारली तर ती पोळपाटासकट धावत आली. तीन दिवस त्यांनी मला गाठ सोडू दिली नाही. चौथ्या दिवशी कापड काढलं, तर दाढी पिकून सैल पडली होती, नुसत्या बोटाने निघाली. मग आप्पांनी दिवा टँकवरून उचलायला लावला आणि टॉवेलांच्या दांडीला वर टांगायला लावला. रोज सहाच तास. अकराला ते स्वतः लावतात, पाचला स्वतः बंद करतात, मला बटणाला हात लावू देत नाहीत. आणि झाडं! तळापासून पानं, कोवळे शेंडे चक्क लाल! दुकानदार पाहायला आला आणि हातआरसा मागून टँकची मागची बाजूसुद्धा पाहून गेला.

तर रविवारी ये. टँक घासूनपुसून तयार ठेवतो. तू म्हणशील तसं.

तुझा आज्ञाधारक (निदान पत्रात तरी),
धाकटा

ता. क. : टँक नेऊ नकोस. वर लिहिलं ते सगळं हे एक वाक्य लिहायचं धाडस यावं म्हणून लिहिलं. गेल्या आठवड्यात झाडं वाढून पाण्याबाहेर आली, तेव्हा आप्पांनी खण उघडला. वस्तऱ्याला हात लावला नाही, शेजारची कात्री घेतली. हात थरथरत होते, पण ते म्हणाले, "याला कान नाहीत, भीती कसली." तासभर कापत होते. सलूनमध्ये तीन गिऱ्हाइकं होती आणि एकानेही घाई केली नाही.

ता. क. दुसरा : आप्पांनी हे पत्र माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. ते सांगतात, चादरीवर मी बसलो नव्हतो, ते बसले होते, आणि लेकीला खोटं कळवायचं नाही. मी त्यांना सहा महिने झाकून घेत होतो. असो, तेवढं सोडून पत्र खरं आहे.

ता. क. तिसरा : ते म्हणतात, टेम्पो नको, बसने ये आणि रात्री राहा. कापलेल्या फांद्यांची एक जुडी त्यांनी तू घेशील त्या नव्या टँकसाठी ओल्या टॉवेलात बांधून ठेवली आहे. कापलेली टोकं एका रेषेत नाहीत, तू बोलू नकोस. त्यातल्या दोन इथे बरणीत लावून पाहिल्या, मुळं धरताहेत.