काजळ्याच्या भुयाराला सतरा गुण

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल ब्लॉगवर परीक्षण टाकलं. वीसपैकी सतरा. गेल्या तीन वर्षांत एवढे गुण कुणाला दिलेले नाहीत. सकाळी द्वारका चौकात सिग्नलवर अडकले तेव्हा फोन उघडला, खाली प्रतिक्रियांची रांग. 'ताईंनी सतरा दिले म्हणजे बघायलाच हवं.' ऑफिसला पोचेपर्यंत उगाच हसत होते.

पु. (पुरवणी, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं होऊन खेळायच्या खेळाचं नवं साहस) आहेच चांगली. एरवी हौशी लोकांनी बनवलेल्या या पुरवण्यांत तेच ते ड्रॅगन आणि तेच ते धुक्यातले परदेशी किल्ले. हिच्यात पेठ गावच्या पलीकडचा आपला काजळ्या डोंगर आहे, त्यातलं खरं भुयार आहे, आत एकाखाली एक पाण्याची टाकी. आणि नकाशा! वीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढतेय, असा हात आमच्याकडे एकाचाही नाही. पु. लिहिणारा आणि नकाशा काढणारा सतीश म्हणून मनमाडचा कुणी आहे, रेल्वेत सिग्नलचं काम करतो. कधी भेटलेलो नाही. रविवारी नवऱ्याला, निखिलला, आणि शेजारच्या प्राचीला घेऊन टेबलावर खेळले, प्राचीचा जादूगार तिसऱ्या टाक्यात बुडाला. खेळल्याशिवाय परीक्षण नाही हा माझा नियम, लोक त्यासाठीच वाचतात.

एक वाक्य टोचतंय फक्त. 'मी स्वतः शेवटच्या टाक्यापर्यंत जाऊन आले आहे, नकाशा पावलापावलाला खरा आहे.'

गेले होते, हे खरं. शेवटपर्यंत, हे खोटं.

६ नोव्हें., गुरु.

सतीशचा निरोप आला. आधी आभार, मग हे: 'ताई, एक विचारू? पहिल्या टाक्यापर्यंत मी टेप घेऊन मोजलंय. त्याच्या पुढचं सगळं मनानं काढलंय. तुम्ही म्हणता ते खरंच तसंच आहे? अंगावर काटा आला वाचून.'

माझ्याही आला. डबा उघडा, समोर बॉस. मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

आता इथे तरी खरं लिहिते. ऑक्टोबरात निखिल वणीला देवीला गेला होता त्याच दिवशी मी एकटी काजळ्याला गेले. पायथ्याच्या पाड्यावर भात कापणं चाललं होतं. भोये म्हणून एक वयस्क गृहस्थ विळा ठेवून बरोबर आले, कंदील घेऊन. पहिल्या टाक्यापाशी उजवीकडे खाली उतरणारं भोक आहे. त्यांनी कंदील दोरीनं आत सोडला. वात बारीक झाली, निळी झाली, गेली. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा गेली. ते म्हणाले, "हवा नाय तिथं, बाई. दिवा जगत नाय, मग मानूस कसा जगल?" मी तिथूनच वळले. घरी येऊन लिहायला बसले तेव्हा वाटलं, अर्ध्यातून परत आले असं लिहिलं तर परीक्षणाला वजन काय राहील. म्हणून ते वाक्य. आणि कंदिलाचं लिहायचं तर वाक्य काढावं लागलं असतं, म्हणून कंदीलच गाळला.

११ नोव्हें., मंगळ.

पुण्याच्या एका जोडप्याची प्रतिक्रिया: 'ताई, तुमच्या भरवशावर शनिवारी काजळ्या. शेवटच्या टाक्याजवळ फासे टाकून येणार.'

तुमच्या भरवशावर.

उत्तरात लिहिलं, 'सांभाळून जा.' पाठवून झाल्यावर कळलं की असं आपण गावाला निघालेल्या माणसाला म्हणतो. पुन्हा लिहायला घेतलं, खाली हवा नाही, जाऊ नका. मग लोक विचारणार, तुम्ही कशा गेलात? पुसलं. ऑफिसात एका बंगल्याच्या जिन्याला पायरी कमी काढली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

१५ नोव्हें., शनि.

दिवसभर फोन उलटा, सुलटा. दोघं सकाळी निघाल्याचा फोटो सात वाजता. नंतर काही नाही. अकरा. एक. तीन. भाजीत मीठ दोनदा पडलं, निखिल वर पाणी प्यायला. त्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नाही. तिची आई माझ्या दारात उभी आहे असं सारखं दिसत होतं.

साडेपाचला आलं. 'ताई म्हणतात तसंच आहे! शेवटपर्यंत जाऊन आलो. थरारक!!' खाली फोटो.

देवापुढे दिवा लावला, मी, जी सणासुदीलाही विसरते.

मग फोटो मोठा करून पाहिला. पहिलं टाकं. मागे ते खाली उतरणारं भोक, आणि दोघं त्याच्याकडे पाठ करून उभी. पुढचा एकही फोटो नाही. गेलेच नाहीत ते. माझ्यासारखेच तिथून वळले आणि घरी येऊन लिहिलं. हसू आलं आधी. मग लक्षात आलं की आता साक्षीदार तीन झाले.

१७ नोव्हें., सोम.

नाशिकच्या खेळणाऱ्यांचा ग्रुप आहे, अमेय चालवतो. उत्साही माणूस, कॉलेज रोडला त्याचं सायकलचं दुकान. त्यानं जाहीर केलंय, रविवारी २३ला बारा जण काजळ्यावर जाणार. शेवटच्या टाक्याच्या खोलीत बसून तीच पु. खेळणार. विजेरी चालणार नाही, मशाली आणि मेणबत्त्या, वातावरण हवं. प्रमुख पाहुणा सतीश. 'आणि ताई, तुम्ही वाट दाखवायला हव्यातच.'

जी खोली सतीशनं मनमाडला बसून मनानं काढली तिथे बारा माणसं मशाली घेऊन. वर भोक एवढं की एका वेळी एकच माणूस जाईल.

ऑफिसात एसी कमी करा म्हटलं, तर तो बंदच होता.

१८ नोव्हें., मंगळ.

निखिलला सांगितलं. चहाच्या वेळी, सगळं. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, "मग लिही की खोटं होतं."

"दहा वर्षांचं नाव जाईल माझं."

"जाऊ दे. नावाला घेऊन काय करायचंय? बारा माणसं आहेत."

बरोबर आहे त्याचं, म्हणूनच राग आला. त्याला म्हटलं, तुला काय कळतंय, तू तर नुसता फासे टाकतोस. तो उठून गेला. लाज वाटते, लिहायचीही. दुसऱ्यांच्या पुरवण्यांत एक दार चुकलं तर मी दोन परिच्छेद झोडपते. 'लेखकानं कष्ट घेतलेले दिसत नाहीत,' हे माझं आवडतं वाक्य.

२० नोव्हें., गुरु.

लिहिलं. सकाळी आठला टाकलं. 'मी पहिल्या टाक्यापुढे गेलेले नाही. मी खोटं लिहिलं होतं. खाली हवा नाही, कंदील विझतो हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणीही आत जाऊ नका.' डोळे मिटून बटण दाबलं. आता शिव्या येतील म्हणून बसले.

शिव्या नाही आल्या. टाळ्या आल्या.

'ताई, काय वातावरण उभं केलंय!' 'फाटली ना राव वाचून!' 'आता तर जायलाच पाहिजे.' मला आधी कळेचना. मग सतीशची पु. काढली. पान एक: 'मागे फिरा. इथून आत गेलेला परतला नाही. ज्यानं हे लिहिलं तो खोटारडा आहे.' या खेळात प्रत्येक भुयाराच्या तोंडाशी एक म्हातारी बसलेली असते. ती म्हणते, बाळांनो, आत जाऊ नका. त्याशिवाय कुणी आत जातच नाही. मी स्वतः एका परीक्षणात लिहिलं होतं की इशारा नसलेलं भुयार म्हणजे मीठ नसलेली आमटी.

अमेयला फोन केला. "ताई, भारी जमलंय! रविवारी तुम्ही दारातच असं बोला."

"अमेय, मी खरं सांगतेय."

"हो हो, असंच. याच आवाजात."

मी रडायला लागले तर तो म्हणाला, बापरे, नाटकात काम करायचात का?

२१ नोव्हें., शुक्र.

सतीशला फोन. पहिल्यांदाच आवाज ऐकला. शांत, जरा लाजरा, माझ्याहून मोठा असावा. मी म्हटलं, मी शेवटपर्यंत गेले नव्हते. त्याला मात्र लगेच पटलं.

मग म्हणाला, "म्हणजे माझा नकाशा खोटाच."

"नकाशा सुंदर आहे. तो खेळातला आहे."

"घरी सगळ्यांना सांगितलं मी. आईला वाचून दाखवलं. मनानं काढलेलं खरं निघालं म्हणून." मग, "गुण कमी करणार का, ताई?"

म्हटलं, गुणांचं सोडा, रविवारी कुणी आत जायचं नाही एवढं तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील.

तो म्हणाला, "मीच सकाळी लवकर जातो. आधी बघून घेतो. खाली नकाशातल्यासारखं काही नसलं तर सगळ्यांना बाहेरच बसवू. असलं तर..."

"खाली हवा नाही, सतीश."

"ताई, रेल्वेतला माणूस आहे मी. बोगद्यात कामं केलीत."

बोगद्याला दोन तोंडं असतात हो, म्हटलं मी. तोवर फोन ठेवला होता त्यानं. परत लावला, उचलला नाही.

खोटं बोलले तेव्हा लोक भोकापर्यंत जाऊन परत आले. खरं बोलले तर हा माणूस आत निघाला.

२२ नोव्हें., शनि.

सतीशचा फोन दिवसभर बंद. अमेय म्हणतो, तो आजच पेठला मुक्कामी गेला, बरोबर ग्रुपमधले दोघे, मेणबत्त्या आधी लावून ठेवायला. कुठे उतरलेत माहीत नाही. निखिलनं गाडीत पेट्रोल भरून आणलं. प्राचीनं दोर दिला, कपडे वाळत घालायचा. तेवढाच होता तिच्याकडे. उद्या पहाटे निघायचं.

जेवण गेलं नाही. देवा, मला खोटं ठरव, कसंही.

२३ नोव्हें., रवि. काजळ्या, सकाळी

पावणेआठला पोचलो. उशीर झाला. भुयाराच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड आहे, तिथे चपला काढतात. तीन जोड बूट. दोन रंगीत, नवे. एक काळा, जाड तळाचा, पॉलिश केलेला. नीट जोडीनं लावून ठेवलेला. हा सतीशचा. देवाच्या ठिकाणी यायचं म्हणून पॉलिश करून आला असेल.

भोये धावत वर आले. "सात वाजता गेलं तिघं. मी म्हनलं, नका जाऊ. ते हसून म्हनले, बाबा, तुमी पन खेळात हाय का?"

निखिल फोनला रेंज मिळेल तिथवर गाडी घेऊन गेलाय, ११२ लावायला. भोये पाड्यावर माणसं आणि जाड दोर आणायला. जाताना मला म्हणाले, आत पाय टाकायचा नाय, बाई, तू पडली तर चार होतील. म्हणून मी इथे. पहिल्या टाक्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हाका मारल्या. सतीश. सतीश. एकदा काहीतरी आलं आतून, ठक् असं. पाणी असेल. वटवाघूळ असेल.

बाकीचे नऊ जण आत्ताच चढून आले, मशाली खांद्यावर. मला इथे बसलेली पाहून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, तिघं आत आहेत, तासभर झाला, उत्तर देत नाहीत. अमेय बाकीच्यांना म्हणाला, "बघा, मी सांगितलं होतं ना." एका मुलीनं माझा व्हिडिओ काढायला घेतला. मी बुटांकडे बोट केलं. तिनं बुटांचाही काढला.

आता भुयाराच्या तोंडात आडवी बसलेय. पाठ एका भिंतीला, पाय दुसऱ्या भिंतीला. माझ्यावरून उडी मारल्याशिवाय कुणी जाऊ शकत नाही. बोलणं बंद केलंय, बोलले की हसतात. म्हणून लिहितेय. ते समोर घोळक्यानं उभे आहेत आणि माझं लिहून व्हायची वाट बघताहेत. त्यांना वाटतंय, लिहून झालं की खेळ सुरू होईल.

त्या व्हिडिओवाल्या मुलीचा चेहरा जरा बदललाय. तिनं फोन खाली घेतला. बुटांकडे बघतेय.

"ताई," ती हळूच म्हणाली, "खरंच?"

मी हो म्हणून मान हलवली. तीही माझ्या शेजारी येऊन आडवी बसली. आता दोघी हाका मारतोय. खालून भोयेंची माणसं येताना दिसताहेत, पाचसहा जण, खांद्यावर दोर. आतून अजून काही नाही.