सारोळ्याच्या पुलाजवळचा फ्लेक्स

७ मे, बुधवार

सकाळी सातला सूरजचा फोन. "आत्या, चार दिवस फोन लागणार नाही. आईला सांग, रेंज नाही." बस्स. मी तोंड उघडायच्या आत कट!

भोंगवलीला वहिनीला कळवलं – रेंज नाही. वहिनी म्हणाली, "रेंज न्हाई म्हनं! वन्सं, टीव्ही हाय आमच्या घरी. सीमेवर काय चाललंय ते मला बी दिसतं."

८ मे

फोन नाही.

९ मे, शुक्रवार

फोन नाही. मात्र आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लढाई जोरात. ज्ञानोबा सर लिहितात, "आता माघार नाही! एकदाच काय तो सोक्षमोक्ष!" हे सर परीक्षेच्या ड्युटीला दरवर्षी ब्लडप्रेशरचं निमित्त काढतात. आज अठ्ठावीस जणांनी त्यांना अंगठा दिला. मी लिहिलं, "सर, माझा भाचा तिथं पोस्टवर आहे. तुमचा बिछाना पाठवू का?" मग कुणीतरी गुड मॉर्निंगचं फूल टाकलं. दुपारी दोन वाजता!

११ मे, रविवार

आला फोन! काल गोळीबार थांबला. म्हणाला, "कान वाजतायत, बाकी ठीक. सगळी पोरं ठीक." पोरं म्हणजे त्याची माणसं. त्यातला सुभेदार पंचेचाळीस वर्षांचा. आणि हा त्यांचा साहेब – चोवीस वर्षांचा लेफ्टनंट.

एसएसबीला – सैन्यातल्या अधिकारी निवडीला – दोनदा नापास झालेला हा मुलगा. दोन्ही वेळा गावानं त्याच्या बापाला, माझ्या दादाला, ऐकवलं, "शेतकऱ्याचं पोर आफिसर व्हतंय व्हय?" त्या वर्षी आजोळी गुंजवण्याला राहिला. पाठीवर वाळूचं पोतं घेऊन रोज राजगडाची पाऊलवाट चढायचा. तिसऱ्यांदा पास झाला. तेच गाव स्वागताला पुढं.

तीन रात्री पाठ टेकली नाही म्हणाला. मी म्हटलं, भीती वाटली का रे? "वाटली. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते ना, मग तोंड सरळ ठेवावं लागतं."

१३ मे, मंगळवार

मस्तक फिरलंय.

सारोळ्याच्या पुलाजवळ फ्लेक्स लागलाय. वीस फूट रुंद! मधोमध गावचा होतकरू पुढारी बंडू, गॉगल लावून. भोवती सोळा डोकी – शुभेच्छुक. खाली कोपऱ्यात सूरज, टोपी अर्धी कापलेली. आणि मजकूर – त्याच्या पोस्टचं नाव (मी इथंही लिहीत नाही) आणि पुढं, "अवघ्या २३ जवानांसह शत्रूला रोखणारा भोंगवलीचा छावा!"

पोस्टचं नाव. माणसं किती. हायवेवर. आत्ता!

बंडूला फोन लावला. बारावीला मराठीत मीच याला ढकलून पास केला होता, ते फेडतोय.

"बंडू, आधी तो फ्लेक्स उतरव."

"आवं ताई, अभिमानाची गोष्ट हाय."

"तिथली माणसं मोजून दिलीस तू सगळ्यांना!"

"ताई, सारोळ्याच्या पुलावरनं काय पाकिस्तानी जात्यात व्हय? आनि फेसबुकला बी टाकलाय, लई लाईक आल्यात."

"काढतोस का नाही?"

"आठ दिस राहू द्या की. जिल्हा परिषद तोंडावर आलीय."

१५ मे, गुरुवार

एसटीनं सारोळे. पिशवीत विळा. चहाच्या टपरीवरून स्टूल मागून घेतलं, चढले, दोऱ्या कापल्या. बंडू धाडकन तोंडावर पडला – फ्लेक्सवरचा. पाच-सहा जण मोबाईल धरून उभे. एकानं विचारलं, "मावशी, कंच्या पार्टीच्या तुमी?" म्हटलं, "लेफ्टनंट सूरजच्या!"

आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

१७ मे, शनिवार

सूरजचा फोन. आवाज वरिष्ठाशी बोलावा तसा.

फ्लेक्सचा फोटो फिरत फिरत त्याच्या कर्नलसाहेबांपर्यंत पोचला. माहिती बाहेर कुणी दिली, याचं लेखी उत्तर सोमवारी सकाळी द्यायचंय. "पोस्ट जाईल माझ्याकडून, आत्या. आणि माझ्या कागदावर हे कायमचं राहील." मग हळूच, वडिलांबद्दल, "आप्पांनी सांगितलं का गं कुणाला?"

तडक भोंगवली गाठली. दादा गोठ्यात होता. म्हटलं, "पारावर बसून मिशीला पीळ देताना बोललास ना?"

"सुले, म्या न्हाई सांगितलं."

"मग बंडूला स्वप्न पडलं?"

"देवाशपथ न्हाई. मला पोस्टचं नाव धड घेता येत न्हाई."

ऐकलं नाही मी. तो जेवायला बसला तरी वहिनीसमोर नको नको ते बोलले. पोराची नोकरी मिशीपायी घालवलीस, असं. साठीच्या माणसाला. तो ताटावरून उठला आणि रानात गेला. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुमची जीभ लई चालती."

चालते. चालणारच!

१८ मे, रविवार

बंडूच्या ऑफिसात शिरले. म्हटलं, मानसिंगदादानं तुला काय काय सांगितलं, ते आत्ता कागदावर लिहून दे.

तो रागावलाही नाही. विळ्याचंही बोलला नाही. "मानसिंगतात्या कशाला सांगत्यात? ताई, तुमचंच हाय की." उठला आणि भिंतीवरची फ्रेम काढून आणली. "शब्दाला शब्द घेतलाय. तुमच्यासारखं आपल्याला कुठं लिवता येतंय?"

आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकातलं माझं सदर. गेल्या दिवाळीचं. सूरजवर लिहिलेलं. पहिलंच वाक्य पोस्टच्या नावानं सुरू. पुढं – "तेवीस माणसं, एक कुकर, आणि तीन शिट्ट्यांवरून रोज वाद." लोक खूप हसले होते. बंडूनं कुकर तेवढा गाळलाय. त्याला तेवढी तरी अक्कल.

त्या दिवाळीत सूरज फोनवर हसत हसत सांगत होता. मी विचारलं, लिहू का रे? "लिही, पण नाव आणि आकडा नको, आत्या." स्पष्ट म्हणाला होता. आज शब्दन्‌शब्द आठवतोय. मी दोन्ही घातलं. का? नावाशिवाय वाक्य उभं राहत नव्हतं. आणि "तेवीस"ला "एक कुकर" म्हटल्यावर हशा येतो, "काही माणसं" म्हटल्यावर येत नाही. हशासाठी!

वर स्वतःला समजावलंही असेन – हे साप्ताहिक भोरमध्येच कुणी वाचत नाही, तिकडं कोण वाचणार?

बंडू चहा पाजत होता. नको म्हटलं नाही. प्याले. त्याच्यावर चिडायचा हक्कही राहिला नाही.

संध्याकाळी वहिनीचा फोन. दादानं सूरजला कळवलंय, "माझंच नाव लिव. अडाणी बाप हाय म्हनून लिव. मला कोन काय करतंय?" न केलेलं कबूल केलं त्यानं! माझ्या बोलण्यामुळे.

सूरजला अकरा वेळा फोन लावला. लागत नाही. मेसेज टाकला – "आप्पा नव्हे. मी. माझा दिवाळीचा लेख. माझं नाव लिही." एकच टिक.

१९ मे, सोमवार

दुपारी त्याचा फोन. मी म्हटलं, "मेसेज मिळाला?" म्हणाला, "आत्ता बघितला. सकाळीच दिलं लिहून." कुणाचं नाव? "माझं. तो लेख मी दिवाळीतच वाचला होता गं. तू किती खूश होतीस, काही बोललो नाही. तेव्हाच वर कळवायला हवं होतं." उद्या पोस्ट सोडून खाली उतरतोय. मग म्हणाला, "आप्पा जेवले का?"