तीन दशांश अंश

११ नोव्हेंबर, सकाळी

प्रिय पिटुकले,

आशीर्वाद, अजून चालत असतील तर. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. काल म्हणाली, "चूक कुणाची ते बहिणी-बहिणी सावकाश ठरवा, पोरगी वेळेवर जेवते का, तेवढं विचार." तर विचारते आहे.

प्रयोगशाळेत तुझं स्टूल खिडकीपाशीच आहे. त्यावर कुणी बसलं की मी काहीतरी काम सांगून उठवते. दोन वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात तुझा प्रयोग पुन्हा केला. तोच द्रव-स्फटिक, काचेवर वीज जोडायला तशाच दोन पट्ट्या, मध्ये केसाएवढी फट. तापवलं की रेणूंची शिस्त मोडते, सूक्ष्मदर्शकातला उजेड विझतो, उरतो साधा द्रव. तू म्हणायचीस, विद्युतक्षेत्र लावलं तर ती शिस्त तीन दशांश अंश जास्त टिकते. मी भर सभेत म्हणाले, "तीन दशांशांवर विज्ञान उभं राहत नाही, हट्ट उभा राहतो." टाळ्या पडल्या. तू वही मिटून निघून गेलीस.

तेव्हा मी मिनिटाला एक अंश तापवत होते. तू एकेका दशांशाला वीस मिनिटं थांबायचीस. वर टोमणा, "ताई, तू द्रवालाही भाषण ऐकवतेस. त्याला बोलू दे की जरा." या वेळी थांबले. क्षेत्र बंद केलं, अंधार. सुरू केलं, उजेड. अकरा वेळा केलं. अकराही वेळा तूच बरोबर होतीस.

चूक नुसत्या घाईची असती तर हे पत्र सोपं होतं. सभेच्या आदल्या दिवशी मला तो उजेड एकदा दिसला होता. क्षणभरच. पुन्हा बघायला अख्खा दिवस लागला असता, आणि भाषण तयार होतं. मी ते वहीत लिहिलंच नाही. जन्मभर सत्यासाठी घसा कोरडा केला, आणि माझ्याच बहिणीचं सत्य गिळून बसले.

शुक्रवारी त्याच सभागृहात, त्याच लोकांपुढे हे सगळं सांगणार आहे, तो आदला दिवसही. नोकरी राहते की जाते, बघू. तू ये, असं म्हणायचा हक्क मी गमावलाय. या वेळी भाषण लिहून काढलेलं नाही. तुझं नाव घेताना आवाज कसा राहील, ते काही आधी करून बघता येत नाही.

दोन वर्षं बरोबर असलेल्या बहिणीची,
ताई