चौथ्या मजल्यावरचं घर

४ मार्च
पुन्हा नकार! फोनवर मालकीणबाई किती गोड — ‘या की, घर रिकामंच आहे.’ पोचलो तर इमारतीची लिफ्ट बंद. नवऱ्याला पाहून बाई म्हणाल्या, बरं झालं लवकर आलात. त्यांना वाटलं, दुरुस्तीला माणूस आला. हा आहेच लिफ्टचा मेकॅनिक, लिफ्टही याच्याच कंपनीची. मग हात स्वस्थ बसतायत कुठे? बाह्या सरसावून दुरुस्त केली. हात पुसत म्हणाला, ‘आम्ही चौथ्या मजल्यावरचं घर बघायला आलोय.’

बाईंचा चेहरा पडला. घर म्हणे कालच गेलं.

याचे आजोबा आफ्रिकेतून आले. हा इथेच जन्मला, इथेच शिकला. तरी लोक विचारतात, परत कधी जाणार? काळा माणूस लिफ्ट दुरुस्त करायला चालतो, तिच्यातून वर राहायला गेलेला चालत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याने जेवून भांडी घासली.

५ मार्च
महिनाअखेर हे घर सोडायचंय. मला सातवा लागलाय. बाळाला काय फुटपाथवर नेऊ?

७ मार्च
वकीलबाईंकडे गेलो. असे खटले त्याच लढतात. म्हणाल्या, दुसऱ्या कुणाला तरी तेच घर विचारायला पाठवा. त्याला मिळत असेल तर बाईंचं खोटं उघडं पडेल. पण त्या माणसाने साक्ष द्यायला हवी.

मी म्हटलं, दादा आहे ना! पाठचा नव्हे, पाठीशी उभा राहणारा भाऊ.

९ मार्च
सापडली बाई! दादाला घर दाखवलं, चहा पाजला. वर आपणहून सांगितलं, ‘परवा एक काळा आला होता, त्याला वाटेला लावलं.’

दादा ओट्याची लांबी, नळाचं पाणी, बाल्कनीतलं ऊन, सगळं बघून आलाय. वहिनीने दोनदा विचारलं, माझं लाकडी कपाट मावेल का हो तिथे? मी हसले. म्हटलं, साक्ष द्यायचीय, संसार नाही मांडायचा.

१० मार्च
तक्रारीवर याने सही केली. पेन जरा जास्तच दाबलं. म्हणाला, ‘ते घर नाही मिळालं तरी चालेल. तिने एकदा माझ्यासमोर खरं बोलावं.’ दादाची सही सोमवारी.

१४ मार्च
दादा फोन उचलत नाही. वहिनी म्हणते, कामात आहेत.

१६ मार्च
सोमवार. वकीलबाई वाट बघून उठल्या. दादा आला नाही. आजारी तर नसेल?

१७ मार्च
त्या इमारतीची लिफ्ट पुन्हा अडकली. कंपनीने यालाच पाठवलं. दार उघडलं तर आत वहिनीचं कपाट. कपाटाआड दादा.

याने त्याला हात धरून बाहेर काढलं. मी विचारलं, काही बोललास का? म्हणाला, ‘एवढंच म्हटलं — दादा, तुमची सही राहिलीय.’