काळा मोतिया

३ नोव्हेंबर
विजय नगरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या — "अम्माजी, सफेद मोतिया भी है, काला मोतिया भी. एक ही ऑपरेशन में दोनों कर देंगे." बरं झालं! एक गोरा मोतीबिंदू, एक काळा. जाऊ देत दोघं जोडीनं.
वर म्हणे मुलाचेही डोळे तपासा, हे खानदानी असतं. मोतीबिंदू आणि खानदानी! म्हातारपणी कुणाला होत नाही? आमचा नंदू हसला — "आई, मेरे को मत लपेट." परवाच स्कूटर खांबाला घासून आलाय. डावीकडे खांब होता कुठे, म्हणे! आंधळा.

७ नोव्हेंबर
झालं. पट्टी आहे, ओळी तिरक्या जातायत. कोण वाचतंय! नवं भिंग बसवलं आणि डोळ्यातलं पाणी उतरायला बारीक वाट केली. डोळ्यात नाली! इंदूरची आहे, साफ राहील.

८ नोव्हेंबर
पट्टी निघाली. धूसर आहे, पण रंग दिसले! सुनेनं, अमितानं, भिंती पांढऱ्या रंगवल्यात. मी पिवळ्या समजून नावं ठेवत होते. पांढऱ्याही शोभत नाहीत.
कडेचं मात्र दिसत नाही. कधी दिसेल, डॉक्टरीणबाईंना विचारलं तर — "काला मोतिया जो ले गया, वो नहीं लौटेगा. बाकी बचा लिया." असं कसं? मोतीबिंदू काढला की दिसतं! नात उर्वी म्हणाली, "आजी, काला मोतिया म्हणजे आपला काचबिंदू."
काचबिंदू! मग तसं बोलायचं ना! माझे बाबा त्यानंच आंधळे झाले. ताटात पोळी चाचपडायचे.
आणि नंदू हसतोय.

१० नोव्हेंबर
नंदूला म्हटलं, तपासून ये. "टाइम कुठे आहे आई, सिमरोलला ऑडिट चालू आहे." म्हटलं, मग मीही थेंब घालून घेणार नाही. डोळा मिटून बसले. अमिता बाटली धरून उभी — "आई, हद्द करता तुम्ही!" करते. माझा डोळा आहे.
संध्याकाळी गेला. बडबडत गेला, पण गेला.

११ नोव्हेंबर
नंदूलाही आहे. डावा डोळा. थोडं गेलंय, बाकी थेंबांवर राहील.
सकाळी दोघं माना वर करून बसलो. अमिताला म्हटलं, आधी त्याला घाल.
"आई, जळतंय!"
म्हटलं, दिसतंय ना? मग बस गप.