दुखण्यात

पनवेल,
ता. ८ जुलै १९५४

ती. शांतीअक्का यांस,
दिनानाथचा सप्रेम सलाम. वि. वि.

सत्यवतीला माती देऊन महिना झाला. मी पुन्हा शाळेत शिकवायला जाऊ लागलो आहे. शेजारच्या हौसाबाई डबा देतात. मीठ जास्त असते, म्हणजे तुमच्याच हातचे म्हणायचे. भामाचे नाव इथे पहिलीत घातले आहे. १८ तारखेला, रविवारी, तिला न्यायला आपट्याला येतो. पोर बापाला ओळखेल ना, एवढीच काळजी आहे.

आपला लोभ आहेच, तो राहावा.
दिनानाथ

आपटा,
ता. ११ जुलै

दिनानाथभाऊंस,
शांतीचा सलाम.

मिठाची थट्टा वाचली. हसू आले नाही. माझी बहीण आठ महिने माझ्या ओटीवर क्षयाने झिजली. दर शनिवारी मोटारीच्या कंडक्टरबरोबर तुमचे औषध आले, तुम्ही आला नाहीत. मी तुम्हाला बोल लावला की सत्यवती म्हणायची, "त्यांनी दुखण्याचं वचन दिलंच नाय, अक्का." लग्नात चर्चमध्ये पाळकसाहेबांच्या मागून वचन म्हणताना 'सुखात व दुखण्यात' याऐवजी तुम्ही 'सुखात व सुखात' म्हणालात आणि सगळे हसले, ते मलाही आठवते. जायच्या आदल्या दिवशीही ती हेच बोलली.

भामा तुमचीच आहे, न्या. पण तिला ताप आला तर कोणाकडे पाठवाल, ते आधी लिहा.

शांती

पनवेल,
ता. १५ जुलै

ती. शांतीअक्का यांस,
सलाम.

तुमचे पत्र मिळाले.

हसणे थांबल्यावर पाळकसाहेबांनी मला ते वाक्य हळूच पुन्हा म्हणायला लावले होते. तुम्ही मागे होता, ऐकू गेले नसेल. 'दुखण्यात' हा शब्द मी नीट म्हटला. सत्यवतीची मान खाली होती, पण तिने माझी बोटे दाबली. तिला माहीत होते. तुमच्याशी खोटे बोलून तिने मला सोडवले.

ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तसे नवऱ्याने बायकोसाठी असावे, असे पाळकसाहेब त्या दिवशी सांगत होते. मला तिच्या खोकल्याची भीती वाटत होती. दुसरे कारण नव्हते.

भामाला ताप आला तर मी काय करीन, ते मला खात्रीने लिहिता येत नाही. म्हणून रविवारी येत नाही. इथल्या शाळेतून तिचे नाव काढले आहे. तिला आपट्याच्या शाळेत घालावे.

लोभ मागत नाही.
दिनानाथ